रक्तपरीक्षा केव्हां करावी ?

पेरलेलें बीं दुसऱ्या दिवशीं उगवलें नाहीं, म्हणून जमिनींत बींच नाहीं असें कोणी शेतकरी म्हणत नाहीं. एच्.आय्.व्ही. ह्या विषाणूच्या परीक्षेचेंही असेंच आहे.

हा विषाणु १९८३ सालीं पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत प्रथम ओळखला गेला. दुसऱ्यासाठीं वापरलेली सुई टोंचणें, दूषित रक्त अंगांत जाणें, असुरक्षित शरीरसंबंध घडणें, ह्या मार्गांनीं तो पसरतो. एका बाकावर बसल्यानें किंवा एका ताटांत जेवल्यानें पसरत नाहीं. तो शरीरांत शिरल्यावर रक्तांत त्याच्या खुणा दिसूं लागण्यास कांहीं काळ जावा लागतो. ह्या काळास डॉक्टर 'विंडो पीरियड' म्हणतात. त्या अवधींत परीक्षेचें उत्तर 'नाहीं' असें आलें, तरी त्यावर विसंबून राहतां येत नाहीं.

विषाणूचें जननद्रव्य शोधणारी परीक्षा साधारणतः १० ते ३३ दिवसांत संसर्ग दाखवूं शकते. शिरेंतील रक्तांत विषाणूचा अंश व प्रतिपिंडें हीं दोन्हीं शोधणारी प्रयोगशाळेंतील परीक्षा १८ ते ४५ दिवसांत. आणि केवळ प्रतिपिंडें शोधणारी परीक्षा २३ ते ९० दिवसांत. म्हणून पहिलें उत्तर 'नाहीं' आलें असतांही तीन महिन्यांनीं पुन्हा परीक्षा करणें इष्ट होय.

परंतु परीक्षेस धीर हवा, तरी उपचारास विलंब चालत नाहीं. संसर्ग टाळणारें पी.ई.पी. नांवाचें औषध ७२ तासांच्या आंत, आणि होईल तितकें लवकर, सुरू करून २८ दिवस घ्यावें लागतें. तें घेतल्यास पुढील परीक्षांचे दिवस डॉक्टरांनीं सांगितल्याप्रमाणेंच पाळावे.

आमच्या मतें खरी अडचण येथेंच आहे. हे तीन दिवस पुष्कळदां भीतींत व लाजेंत निघून जातात. आईबाप रागावतील म्हणून मूल गप्प बसतें, आणि औषधाची वेळ टळते. पालकांस आमची विनंति अशी कीं, अशा प्रसंगीं आधीं दवाखाना गांठावा; बोल लावण्याची घाई करूं नये. सरकारी तपासणी केंद्रांत ही परीक्षा विनामूल्य होते, आणि १०९७ ह्या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. परीक्षेस संमति घेणें व तिचें उत्तर गुप्त राखणें हें २०१७ च्या कायद्यानें बंधनकारक केलें आहे.

विद्यार्थिमित्रांनो, उत्तर 'होय' असें आलें, तरीही नियमित औषधानें दीर्घ व उपयुक्त आयुष्य जगतां येतें. म्हणून तीन दिवसांत बोला, आणि तीन महिने धीर धरा, एवढें आपण सर्वांनीं ध्यानांत ठेवावें.