झेवोल्डेची शेतजमीन

ही हकिगत आम्ही हॉलंड देशातली सांगतो. झेवोल्डे गावची जमीन पूर्वी पाण्याखाली होती. बांध घालून, पाणी उपसून १९६८ साली ती कोरडी केली. मग तिथे शेती पिकली.

व्हॉट्सॲपवाल्या मेटा कंपनीला त्यातली १६६ हेक्टर, म्हणजे सुमारे ४१० एकर जमीन हवी होती. लोकांचे फोटो, निरोप साठवणारी यंत्रे तिथे बसायची होती. त्यांना रात्रंदिवस वीज लागते. डिसेंबर २०२१ मध्ये गावच्या कौन्सिलने ११ विरुद्ध ८ मतांनी होकार दिला.

पुष्कळांना ते पटले नाही. सुपीक जमीन गेली की परत येते थोडीच! मार्च २०२२ च्या निवडणुकीत विरोध करणाऱ्या पक्षाला सर्वांत जास्त जागा मिळाल्या. संसदेतही हरकत निघाली. जुलैत कंपनीने बेत सोडला.

आता आपल्यालाही वाचता येते. जमिनीचा ठराव आला, तर आधी वाचू, सभेत विचारू, मगच हात वर करू.