काचेचा कठडा, बोअरचं पाणी

प्रश्न : आमचं घर दांडिया बाजारात. जुनं घर पाडून झालेल्या इमारतीत वरचा मजला आणि मोठी गच्ची आमच्या वाट्याला आली. मुलाने हौसेने गच्चीला काचेचा कठडा बसवला. दोन पावसाळे झाले नाहीत तोच काचेवर पांढरे ठिपके पडले, खालच्या स्टीलवर तांबूस डाग आले. कामवाली म्हणते, संडासचं ॲसिड लावते, एका हातात निघेल. लावू द्यावं का? आणि स्टेनलेस स्टीलला गंज चढतोच कसा?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : मुळीच लावू देऊ नका. काचेवरचे ठिपके कदाचित निघतील, पण खालचं स्टील कायमचं बिघडेल.

आधी ठिपके कुठून आले ते पाहू. गच्ची धुता ते पाणी महापालिकेचं की सोसायटीच्या बोअरचं? माझा संशय बोअरवर आहे.  सयाजीराव महाराजांनी शहरासाठी आजव्याचा तलाव बांधून घेतला होता. आजव्याचं काय किंवा मही नदीचं काय, महापालिकेचं पाणी बोअरच्या मानाने हलकं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. उन्हात थेंब सुकतो, पाणी उडून जातं, क्षार काचेवर बसतो. दुसऱ्या दिवशी त्यावरच दुसरा थर. बादलीच्या तळाशी जे पांढरं पुट धरतं, तेच इथे उभ्या काचेवर आहे.

उपाय खंडेराव मार्केटच्या भाजीबाजारातच आहे : लिंबू. कठडा लांबलचक असेल तर मात्र लिंबं पिळून हात दुखतील, म्हणून किराणा दुकानात ‘लिंबूनां फूल’ मागा. म्हणजेच सायट्रिक ॲसिड. अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा पुरे. पण क्रम चुकवू नका. आधी काच साध्या पाण्याने वरून खाली भरपूर धुवा. बडोद्याच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळूतलं क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण. कोरड्या फडक्याने धूळ पुसणं म्हणजे काचेला पॉलिश पेपर मारणं. धूळ गेली की द्रावण मऊ कापडाने लावा, पाच मिनिटं थांबा, चोळा, पुन्हा धुवा. खाली कोटा किंवा संगमरवर असेल तर तो आधी ओला करून ठेवा आणि ओघळ लगेच धुवून टाका. हे दोन्ही दगड चुनखडीच्या जातीचे, आम्लाने त्यांची झिलई जाते. काच वाचवता वाचवता फरशी घालवू नये.

शेवटी रबरी पट्टीच्या वायपरने पाणी ओढून काढा. लोक नेमकं हेच टाळतात. महागडा फवारा आणतात आणि काच ओलीच सोडून देतात. थेंब सुकू दिला नाही तर डाग पडायचा प्रश्नच उरत नाही. धुवायला महापालिकेचं पाणी वापरता आलं तर निम्मं काम तिथेच झालं.

एवढं करूनही ठिपका हटत नसेल तर त्यावरून नख फिरवा. खरखर लागली तर क्षार शिल्लक आहे, पुन्हा द्रावण लावा. नख गुळगुळीत सरकलं आणि डाग तसाच राहिला, तर काचेचा पृष्ठभागच खराब झालाय. शेजारी प्लास्टरचं काम चालू असेल तर असं हमखास होतं. ओल्या सिमेंटचं पाणी अल्कली असतं आणि अल्कली काचेलाच खाते. असे ओघळ त्याच दिवशी धुवायचे. एकदा काच खाल्ली गेली की काचवाल्याकडून सिरियम ऑक्साइडने घासून घ्यावी लागते, आणि तेही मर्यादेतच, नाहीतर काचेतून पलीकडचं वाकडं दिसायला लागतं.

आता स्टील. ‘स्टेनलेस’ला गंज चढतो, हे मुलाला सांगा, त्याला वाईट वाटलं तरी. या स्टीलला वाचवतो तो क्रोमियमच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ पापुद्रा. ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा तयार होतो. क्लोराइडपुढे मात्र तो टिकत नाही. संडासच्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, म्हणजे क्लोराइडच. ब्लीचिंगचं पाणीही त्याच कारणाने नको. आणि भांड्यांची लोखंडी तारेची घासणी तर अजिबात नको. तिचे बारीक कण स्टीलमध्ये रुततात, ते गंजतात आणि बदनाम होतं स्टील. दसऱ्याला झेंडूचं तोरण कठड्याला बांधत असाल तर लोखंडी तारेऐवजी सुतळीने बांधा. तारेचा डाग वर्षभर राहतो.

माल कोणता बसवलाय, तेही बघा. 304 ग्रेडच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 316 मध्ये वर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम, म्हणून समुद्राकाठी तेच घेतात. बडोद्याला 304 चालून जावं. बाजारात 202 ही स्वस्त जात ‘एसएस’ म्हणूनच विकली जाते. तिच्यात निकेल कमी, मँगॅनीज जास्त आणि गंज लवकर. चुंबक चिकटला नाही म्हणजे 304, ही समजूत चुकीची आहे, 202 लाही तो सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घेणं हाच मार्ग.

तांबूस डाग वरवरचा असेल तर तेच लिंबूसत्त्वाचं पाणी नायलॉनच्या ब्रशने लावा. स्टीलवर बारीक रेघा असतील तर रेघांच्याच दिशेने घासा. मग धुवून कोरडं करा.

प्रश्न : संक्रांतीआधी कठड्याचं आणखी काही बघायला हवं का? त्या दिवशी गच्चीवर चिकार माणसं असतात.

उत्तर : हे विचारलंत ते फार बरं केलंत. उत्तरायणला बडोद्याची अख्खी वस्ती गच्चीवर, आणि पतंग वर गेला की माणूस मागे बघत नाही. काचेचं वजन पेलतात ते खालचे क्लॅम्प. काच आणि धातूच्या मधलं रबर जागेवर आहे का, ते बघा. धातू थेट काचेला टेकला तर टफन्ड काच कडेच्या एका टवक्यानेही पूर्ण फुटू शकते. बोल्ट सैल वाटला तर स्वतः पाना लावू नका. जास्त आवळलेला बोल्ट सैल बोल्टाइतकाच वाईट. ज्याने बसवलं त्यालाच बोलवा. काच खालच्या चॅनेलमध्ये उभी असेल तर पाणी जायची भोकं मोकळी करून घ्या, पाकळ्या आणि धूळ तिथेच साचते. काच दोन थरांची असेल तर कडेला दुधट पट्टा दिसतो का तेही पाहा, तिथून पाणी आत शिरतंय. तिथे भरायला व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन वापरू देऊ नका, ‘न्यूट्रल’ लिहिलेलं मागा.

मांजा क्लॅम्पमध्ये अडकला तर ओढू नका, कात्रीने कापा. त्याला काचेचीच भुकटी लावलेली असते. आणि बाहेरची बाजू कठड्यावरून वाकून कोणी पुसायची नाही, कामवालीनेही नाही. लांब दांड्याचा वायपर मिळतो तो आणा. जिथे तो पोचत नाही तिथली काच पावसाने धुईल तेवढीच.