बिनतारी गाडीला ‘थांब’ कसे कळते?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रमानवावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. दिवाळीच्या सुटीत मी आजोळी, लालबर्र्याला गेलो होतो. हे गाव मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात आहे. सभोवार धानाची शेती. तेथे मामेभावाच्या शालेय प्रकल्पासाठी आम्ही दोघांनी एक छोटी गाडी बांधली. नाव यंत्रमानव, पण रूप चाके लावलेल्या ताटलीचे!

तिचा मेंदू म्हणजे ‘अर्डुइनो ऊनो’ ही पाटी. अर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतील इव्ह्रेआ येथे विद्यार्थ्यांसाठीच झाला. या पाटीत आज्ञावलीला जागा अवघी ३२ किलोबाइट, पण आमचे काम त्यात आरामात भागले. फोनवरून ब्लूटूथने एकेक अक्षर जाते: ‘एफ’ म्हणजे पुढे, ‘एस’ म्हणजे थांब. मराठीत ‘थांब’ म्हणा की कन्नडमध्ये ‘निल्लु’, गाडीला कळतो तो ‘एस’चा आकडा, ८३.

आमची रचना अशी होती: बटण दाबले की एकदा ‘एफ’, सोडले की एकदा ‘एस’. पहिल्याच दिवशी गाडी गोठ्याच्या भिंतीआड गेली. मी बोट उचलले, पण गाडी थांबेना. वाळत घातलेल्या धानातून वाट काढीत ती थेट नालीत पडली.

मामा म्हणाले, “काय रे, तिला थांबायला कोणी सांगितलंच नाही का?”

“सांगितलं मामा, पण तिला ऐकूच गेलं नाही.”

मामेभावाचे मत, जास्त पल्ल्याचे यंत्र आणावे. मला ते पटले नाही; त्याने चूक फक्त आणखी दूर जाऊन घडली असती. आपण बँकेला दरमहा हप्ता भरण्याची स्थायी सूचना देतो. ती रद्द करण्याचे पत्र टपालात हरवले, तर बँक पैसे कापतच राहणार. गाडीनेही तेच केले. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी बिनतारी लहरींनी घंटा वाजवून दाखवली. तेथे लहर एकदा पोचली की काम झाले. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये टेस्लाने बिनतारी नाव चालवली. चालत्या वस्तूच्या बाबतीत मात्र लहर न पोचण्याचाही अर्थ आधीच ठरवावा लागतो.

म्हणून आम्ही रचना उलटी केली. बटण दाबलेले असेपर्यंत फोनने दर १०० मिलिसेकंदांनी ‘एफ’ पाठवायचा. गाडीने प्रत्येक अक्षराची वेळ नोंदवायची आणि ठरलेल्या मुदतीत नवे अक्षर आले नाही, तर मोटारी बंद करायच्या. ही मुदत प्रथम १५० ठेवली, तेव्हा एखादे अक्षर उशिरा आले तरी गाडी अडखळे. ५०० वर ती सुरळीत चालली. (आज्ञावलीत ‘डिले’ वापरू नये, तेवढा वेळ गाडी घड्याळाकडेही पाहत नाही.)

मग गाडी धावत असताना फोन मुद्दाम बंद केला. ती वीतभर पुढे जाऊन थांबली. मामांनी धान पुन्हा नीट पसरले, आणि गोठ्याच्या बाजूला दोन विटा आडव्या ठेवल्या.