आधी भाषा ओळखा, मग चूक शोधा : डीबगर आणि प्रोसेसरची ओळख



पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या शाळांत वाहन कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुलं खूप असतात. आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग सांभाळणारे छोटे संगणक असतात. त्यांना ईसीयू म्हणतात. त्यांतला प्रोग्राम चुकला तर चूक शोधायला 'डीबगर' नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. प्रोग्राम मध्येच थांबवून, आता कोणती आज्ञा चालू आहे आणि कुठे कोणता आकडा साठवला आहे, हे डीबगर दाखवतो. पण कधीकधी हा तपासनीसच गोंधळतो. का, ते आज पाहू.

१) अक्षरं तीच, अर्थ वेगळा

'शिक्षा' म्हणजे मराठीत दंड, हिंदीत शिक्षण. 'चेष्टा' म्हणजे मराठीत थट्टा, हिंदीत प्रयत्न. लिपी एकच, त्यामुळे नुसती अक्षरं बघून भाषा कळत नाही.

प्रोसेसरचंही तसंच. त्याला फक्त आकडे कळतात, आणि कोणत्या आकड्याचा काय अर्थ हे त्याचा आज्ञासंच ठरवतो. इंटेलच्या ३२ बिटी पद्धतीत आज्ञेच्या सुरुवातीला ७२ आला तर अर्थ होतो, 'अमुक जागेतल्या संख्येतून एक वजा कर'. ६४ बिटी पद्धतीत तोच ७२ सांगतो, 'पुढची आज्ञा ६४ बिटांवर चालव'. डीबगरने पद्धत चुकीची धरली, की प्रोग्राम बरोबर असूनही पडद्यावर भलतंच दिसतं.

२) आकडा कोणत्या बाजूने वाचायचा?

'पंचवीस' म्हणताना आपण पाच आधी म्हणतो, लिहिताना मात्र २ आधी लिहितो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी संख्यानावं आली, तेव्हा केवढी चर्चा झाली होती! प्रोसेसरांतही असे दोन पंथ आहेत. काही मोठा भाग आधी ठेवतात, काही लहान भाग आधी. शेजारच्या दोन बाइटांत ० आणि २ असेल, तर मोठा भाग आधी धरल्यास ती संख्या २, लहान भाग आधी धरल्यास ५१२!

३) ओळख चुकते कुठे?

डीबगर चालतो इंजिनिअरच्या लॅपटॉपवर, तपासायचा असतो दुसराच प्रोसेसर. 'मी ज्या यंत्रावर आहे, तेच समोरचंही असणार' असं डीबगरने धरलं की घोटाळा झालाच. एकाच यंत्रातही हे होतं. ॲपलने २०२० मध्ये स्वतःचा एम१ प्रोसेसर आणला, पण जुने इंटेलसाठीचे प्रोग्राम त्यावर भाषांतर करून चालवले. तिथे यंत्राची जात एक, प्रोग्रामची दुसरी.

४) दुरुस्ती कशी करतात?

अंदाज सोडायचा आणि ओळखपत्र वाचायचं. लिनक्सवर आणि पुष्कळशा ईसीयूंसाठी प्रोग्राम 'एल्फ' रचनेच्या फाइलमध्ये असतो. तिचा पाचवा बाइट सांगतो ३२ बिटी की ६४ बिटी. सहावा सांगतो आकडे कोणत्या क्रमाने वाचायचे. एकोणिसाव्या-विसाव्या बाइटांत प्रोसेसरचा क्रमांक असतो : इंटेल ३२ बिटीचा ३, ६४ बिटीचा ६२, रिस्क-फाइव्हचा २४३.

इथे पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा. मुंबईच्या आयआयटीत घडलेला 'अजित' हा प्रोसेसर स्पार्क आज्ञासंच वापरतो. त्याचा क्रमांक २, आणि मोठा भाग आधी. सहावा बाइट न बघता कुणी क्रमांक वाचला तर ५१२ येईल, आणि डीबगर म्हणेल, 'असा प्रोसेसर मला माहीत नाही'. म्हणून आधी वाचनाचा क्रम, मग क्रमांक. त्यानंतर समोर जोडलेलं यंत्र स्वतःची काय ओळख सांगतं तेही विचारायचं. दोन्ही जुळत नसतील तर गपचूप पुढे न जाता इशारा द्यायचा.

५) वर्गात करून बघा

चौथी-पाचवीच्या मुलांचे दोन गट करा. दोघांना एकच कार्ड द्या : ३, १, २. पहिल्या गटाच्या तक्त्यात १ म्हणजे उजवीकडे वळा, २ म्हणजे टाळी, ३ म्हणजे एक पाऊल पुढे. दुसऱ्या गटाच्या तक्त्यात अर्थ बदला. कार्ड एकच, पण कृती वेगळ्या! मग विचारा, "चूक कोणाची?" बहुतेक मुलं आधी दुसऱ्या गटाकडे बोट दाखवतील. नंतर कार्डाच्या कोपऱ्यात तक्त्याचा क्रमांक लिहा आणि खेळ पुन्हा घ्या. ओळखपत्र का लागतं, हे मुलं आपणहून सांगतील.

आता आपल्यासाठी एक गोष्ट. आपल्या पट्ट्यात उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेल्या घरांतली मुलंही मराठी शाळेत बसतात. अशा मुलाने वहीत लिहिलं, 'मला शिक्षा आवडते', तर लाल पेन उचलण्याआधी जरा थांबा. घरी कोणती भाषा बोलतात, हे विचारा. त्याचं वाक्य चुकलेलं नसेल, आपण ते दुसऱ्या तक्त्याने वाचत असू. मग त्याला मराठीतला अर्थ सांगा, आणि त्याच्या भाषेतला अर्थ वर्गाला सांगायला त्यालाच फळ्यापाशी बोलवा.