यादी जोडा, पण वाचकाला कळेल अशी

प्रश्न : आमच्या वाचनालयाची पुस्तकयादी एक्सेलमध्ये आहे. ती ‘लिंक्ड डेटा’ स्वरूपात करावी, असं सुचवलं गेलं. साध्या वाचकाला त्याचा काय उपयोग?

उत्तर : उपयोग नक्की आहे. तुमच्या यादीत ‘पु. ल. देशपांडे’, ‘देशपांडे पु. ल.’ आणि ‘पुलं’ अशा नोंदी असतील, तर संगणक त्यांना तीन वेगळे लेखक समजतो. लिंक्ड डेटा, म्हणजे वेबवर एकमेकांशी जोडलेली माहिती, हा घोळ टाळते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये तिचे चार नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम असा, की प्रत्येक गोष्टीला स्वतःचा पत्ता द्या. २०१२ पासून चालू असलेल्या विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यावर असे पत्ते क्रमांकांच्या रूपात तयार मिळतात. तिथे मुंबईचा क्रमांक क्यू११५६ आहे. बॉम्बे लिहा, मुंबई लिहा, क्रमांक तोच.

ओपनरिफाइन हे मोफत सॉफ्टवेअर तुमचा लेखकांचा रकाना विकिडेटाशी जुळवून देतं. संशयास्पद जुळण्या मात्र स्वतः तपासा, कारण एकाच नावाचे दोन लेखक मराठीत कमी नाहीत. एकदा जुळलं, की ‘मुंबईत जन्मलेल्या लेखकांची पुस्तकं’ असाही शोध घेता येतो, जन्मस्थळ तुम्ही कधी भरलेलं नसतानाही.

खरी अडचण पुढच्या टप्प्यावर, म्हणजे यादी वाचकाला दाखवताना, येऊ शकते. क्रमांक पडद्यामागेच राहायला हवेत. विकिडेटावर मराठी नाव नसेल, तर मराठीतून शोधणाऱ्याला नावाच्या जागी नुसता क्यू-क्रमांक दिसू शकतो. त्यामुळे जुळवणी करताना जिथे मराठी नाव रिकामं दिसेल, तिथे ते लगेच भरा. ते कोणालाही भरता येतं.