मुरलेले स्नायू

१९५२ साली लंडनमध्ये ‘मिस्टर युनिव्हर्स’ स्पर्धेत आपल्या गटात विजयी झाले, तेव्हा बंगालचे मनोहर आइच जवळजवळ चाळीस वर्षांचे होते; उंची पाच फुटांहूनही थोडी कमी. अनुभवी व्यायामपटूच्या शरीरास हा घोटीवपणा कशाने येतो? आरंभी बळ वाढते, ते मुख्यतः मज्जातंतू स्नायूंना अधिक नेमकेपणे राबवू लागतात म्हणून. प्रथिनांच्या संचयाने स्नायुतंतू चांगले जाड होण्यास मात्र वर्षे लागतात. त्यातच त्वचेखालील मेद विरळ झाला, की रेखा न् रेखा उठून दिसते. व्यायामानंतर रक्त साचून आलेला फुगवटा थोड्याच वेळात ओसरतो. म्हणून विद्यार्थिमित्रहो, हृदय व यकृत बिघडविणाऱ्या औषधांची आडवाट आम्ही त्याज्य मानतो. लोणच्याप्रमाणे स्नायूही मुरावेच लागतात.