ऑलिगोडेंड्रोग्लिओमा : पैसे कुठे घालायचे, कुठे थांबायचं

आकडी येते, एमआरआय होतो, मेंदूत गाठ निघते. शस्त्रक्रियेनंतरच्या रिपोर्टवर ‘ऑलिगोडेंड्रोग्लिओमा’ लिहिलं असेल, तर एकच खर्च टाळू नका : जनुकीय तपासणीचा. नुसत्या सूक्ष्मदर्शकावर हे निदान पक्कं होत नाही. २०१६पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आयडीएच जनुकातला बदल आणि १पी-१९क्यू हे गुणसूत्रांचे दोन्ही तुकडे गळालेले असणं, या दोन्ही गोष्टी लागतात. तपासणी काही हजारांची. पण पुढचे लाखो रुपये कशावर जाणार, हे तीच ठरवते. गाठीचा नमुना मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेला असतो. तो आणि स्लाइड्स रुग्णालयाकडून मागून घ्या. दुसऱ्या मतासाठी पुन्हा डोकं उघडावं लागत नाही.

ही गाठ दुर्मीळ, सहसा पुरती बरी न होणारी, तरी ग्लिओमा या मेंदूच्या गाठींच्या गटात त्यातल्या त्यात सौम्य. ग्रेड तीनच्या रुग्णांच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत, गाठीत दोन्ही तुकडे गळालेले असणाऱ्यांपैकी केवळ रेडिएशन घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ७.३ वर्षं होतं. जोडीला पीसीव्ही ही जुनी केमो घेणाऱ्यांचं १४.७. म्हणजे निम्मे त्याहूनही जास्त जगले. महागडं तेच गुणकारी, असं इथे तरी नाही. अमेरिकेत २०२४ साली मंजूर झालेलं व्होरासिडेनिब हे औषध ग्रेड दोनमध्ये गाठीची वाढ लांबवतं. त्याने आयुष्य वाढतं हे अजून सिद्ध झालेलं नाही. त्यासाठी घर गहाण टाकायच्या आधी डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा.

खासगी रुग्णालयात शस्त्रक्रियेलाच काही लाख लागतात. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण रुग्णालय योजनेतलं हवं आणि मंजुरी आधी हवी. आधी भरलेलं बिल मागाहून परत मिळेल, या भरवशावर राहू नका. रेशनकार्ड, आधार घेऊन दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला गाठा. धर्मादाय रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी राखीव खाटा असतात. कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

खरा खिसा कापला जातो तो रेडिएशनच्या सहा आठवड्यांत. सोमवार ते शुक्रवार रोजची फेरी, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज, खोलीचं भाडं. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार असतील तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे आधी चौकशी करा. उपचारासाठीच्या रेल्वेप्रवासात कर्करुग्णाला स्लीपर व थर्ड एसीत पूर्ण, सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. रुग्णालयाचा दाखला लागतो.

आकडीच्या गोळ्या मात्र वर्षानुवर्षं चालतात. डॉक्टरांना विचारून जेनेरिक घ्या, पण पैशांसाठी एकही दिवस चुकवू नका.